चौदावी स्लाइड

किस्से काही आपण गोळा करत नाही, ते आपले आपण साचतात. माझ्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे. त्यात रबरबँड, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, टेकअवेबरोबर आलेली सॉसची पाकिटं, असं काय काय पडलेलं असतं. आमच्या मंडळीच्या किश्शांचं तसंच झालंय. एक काढायला जावं तर चार त्याला अडकून येतात, आणि मग मी चहा गार होईपर्यंत बोलत बसते.

मंडळी म्हणजे आमचं मराठी चर्च. लंडनजवळच्या वॉटफर्डात आम्ही साठेक माणसं, बहुतेक नगर, जालना, पुण्याकडची. स्वतःची इमारत नाही. एका इंग्रज चर्चचा हॉल दर रविवारी दोन ते पाच भाड्याने मिळतो. पाच वाजून पाच मिनिटांनी तिथे झुम्बाचा क्लास सुरू होतो. हे झुम्बाचं तेवढं लक्षात ठेवा, कारण आमच्या मंडळीचं निम्मं धर्मज्ञान त्यानेच ठरवलंय.

मी शालिनी. आठवडाभर एका जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला असते. आता जे सांगणार आहे त्यातलं काहीही सर्जरीतलं नाही. ही गोष्ट ज्या मुलीची, तिचं खरं नाव स्नेहल नाही, आणि तिला विचारल्याशिवाय मी तोंड उघडलेलं नाही. ती म्हणाली, सांगा की ताई, पण सिस्टरबाईंचा फॉर्मचा किस्सा शेवटी ठेवा. तर तो शेवटी.

*

सर्जरीत कुणाचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं तर नोकरी जाईल. मंडळीत नाव बाहेर पडलं नाही तर लोकांना वाटतं, हिला प्रार्थनेची कळकळच नाही.

आमचा फोनवर प्रार्थनेचा ग्रुप आहे. त्यावर एकदा सॅम्युअलभाऊंचा मेसेज आला. सॅम्युअलभाऊ म्हणजे पंच कमिटीचे सेक्रेटरी, मनाने वाईट नाहीत, फक्त कुठलीही गोष्ट त्यांच्या पोटात टिकत नाही. मेसेज असा होता: "एका भावासाठी गुप्त विनंती. कृपया नाव विचारू नये. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पत्नी परवा भांडून लेस्टरला भावाकडे गेली आहे, आणि निळी गाडी विकायला काढली आहे."

दहा मिनिटांत तिघांनी विचारलं, गाडी किती मैल चालली आहे.

यावर उपाय म्हणून पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, पेटी आणली. बिस्किटांचा चौकोनी डबा, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला विनंती करायची त्याने निनावी चिठ्ठी टाकायची, उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब ती उघडून मोठ्याने वाचणार, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. कल्पना चांगली होती. पण आमची माणसं! चिठ्ठी वाचली जायला लागली की जिची असेल ती बाई डोक्यावरचा पदर सारखा करायची, आणि जो पुरुष असेल तो खोकायचा. तरीही पेटी चालू राहिली, कारण निदान सुरुवातीचं अर्धं मिनिट तरी गुप्त असायचं.

*

पाळकसाहेब आमचे पगारी पाळक नाहीत. सोमवार ते शुक्रवार मिल्टन कीन्सला आयटीत असतात आणि रविवारी आमच्याकडे. त्यामुळे त्यांचं प्रवचन स्लाइड्सवर चालतं. प्रत्येक मुद्द्याला बाण, प्रत्येक बाणाला चौकोन.

त्यांची एक अभ्यासमाला होती, "जीवन हे देवाचं दान". विषय गर्भपाताचा. तो पंच कमिटीने निवडला. कमिटीत सात पुरुष आहेत. बायकांच्या इतक्या जिव्हाळ्याच्या विषयावर त्यांनी पावणेदोन तास चर्चा केली आणि आम्ही तीनदा चहा केला.

ही अभ्यासमाला पाच वर्षांत चार वेळा झाली. एकूण स्लाइड्स चौदा. पहिल्या स्लाइडवर गर्भातल्या बाळाचं चित्र, मग शास्त्र काय म्हणतं, मग इथला कायदा काय म्हणतो, मग दत्तक, मग आपण काय करावं. तेराव्या स्लाइडवर पोचेपर्यंत दाराबाहेर लेगिंग्जवाल्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या असायच्या. चौदावी स्लाइड होती, "अपवाद". म्हणजे आईचा जीव धोक्यात असला तर, आणि कुणा मुलीवर जबरदस्ती होऊन दिवस गेले तर. चारही वेळा पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अपवादांचं आपण पुढच्या वेळी घेऊ. झुम्बाची मंडळी आली आहे."

मग सगळे मुकाट्याने खुर्च्या आवरायचे.

*

आता सिस्टरबाई. नाव सुमती साळवे, वय एकाहत्तर. जालन्याला मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम केलं, मग इथे येऊन प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. नवरा कधीच गेला, मुलगा एडिनबराला. मंडळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्यांनी विणलेलं टोपरं मिळतं. त्यांच्या हातात सुया नसल्या तर समजावं, त्या झोपल्या आहेत.

गर्भपाताच्या बाबतीत सिस्टरबाई पाळकसाहेबांपेक्षाही कडक. त्यांना चौदावी स्लाइडच मान्य नव्हती. देवाने जीव दिला, तो घ्यायचा अधिकार देवाला, विषय संपला. बाळाचा काय गुन्हा, असं त्या विचारायच्या.

दर महिन्याला एका शनिवारी त्या हाय स्ट्रीटवर याच विषयाची पत्रकं वाटायला उभ्या राहत. एकदा मी सोबतीला गेले. पहिलंच पत्रक त्यांनी दिलं ते आठव्या महिन्याच्या एका बाईला. तिच्या एका हाताला रडणारं पोर, दुसऱ्या हातात चार पिशव्या. तिने पत्रक वाचलं आणि म्हणाली, "मला हे कशाला देताय? मी ठेवलंयच की."

सिस्टरबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. सूज किती दिवसांची आहे विचारलं. मग पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबला, चारही पिशव्या उचलल्या आणि त्या बाईला बसपर्यंत पोचवायला गेल्या. त्या दीड तासाने आल्या. बसमध्येही चढल्या होत्या, तिच्या घरीही गेल्या होत्या, आणि पाय कशावर ठेवून झोपायचं ते दाखवून आल्या होत्या. तोवर मी थंडीत काकडत उभी. एकही पत्रक कुणी घेतलं नाही.

परत येताना मी म्हटलं, सिस्टरबाई, आजचा दिवस फुकटच गेला. त्या म्हणाल्या, "हो ना. पत्रकं तशीच राहिली."

*

स्नेहल चोवीस वर्षांची. जालन्याची, म्हणून सिस्टरबाईंनी तिला आपल्या घरातली बॉक्सरूम, म्हणजे एका खाटेपुरती खोली, दिलेली. केअर व्हिसावर आली होती. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवणं, आंघोळ घालणं, औषधं देणं असं तिचं काम. मंडळीत गाण्याला बसायची. आवाज गोड, बोलणं कमी. सॅम्युअलभाऊंनी तिच्यासाठी पुण्याचा एक भाचाही मनात धरून ठेवला होता.

फेब्रुवारीतला एक रविवार. पाळकसाहेबांनी पेटी उघडली. पहिली चिठ्ठी कुणाच्या तरी ड्रायव्हिंग टेस्टची. दुसरी व्हिसाची. तिसरी त्यांनी उलगडली आणि सवयीने, आधी नजर न टाकता, मोठ्याने वाचायला लागले.

"माझ्यावर जबरदस्ती झाली. मला दिवस गेले आहेत. मूल ठेवणं मला जमणार नाही. तसं केलं तर मला मंडळीत येता येईल का?"

शेवटच्या वाक्यापर्यंत त्यांचा आवाज पार खाली गेला होता. हॉलमध्ये कुणी पदर सारखा केला नाही, कुणी खोकलं नाही.

मग सॅम्युअलभाऊ उठले आणि म्हणाले, प्रार्थना करू या. त्यांनी अकरा मिनिटं प्रार्थना केली, मी घड्याळ बघत होते. राजासाठी केली, पार्लमेंटसाठी केली, दोन देशांतल्या युद्धासाठी केली, डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, या देशातल्या बिघडलेल्या तरुण पिढीसाठी केली. ज्या पोरीने विचारलं होतं तिच्यासाठी एक शब्द नाही. मला इतका संताप आला की मी आमेन म्हटलंच नाही.

पाच वाजले. आम्ही खुर्च्या आवरल्या. स्नेहल किचनमध्ये चहाचे कप विसळत होती.

*

पुढच्या आठवड्यात आमची मंडळी जी कामाला लागली, तशी ती इमारत फंडासाठीही कधी लागली नव्हती.

पंच कमिटीने चिठ्ठी टेबलावर पसरून अक्षर तपासलं. प्रत्येकाने आधी आपापल्या घरातल्या मुली मोजल्या आणि हुश्श केलं. सॅम्युअलभाऊ आमच्या सर्जरीत ब्लडप्रेशर दाखवायला आले, आणि काउंटरवर वाकून मला विचारलं, "आपल्यापैकी कुणी आलं होतं का गं इकडे?" मी म्हटलं, भाऊ, आपल्यापैकी तुम्हीच आलात, बीपी वाढलेलं दिसतंय, बसा तिकडे.

अखेर कमिटीने निष्कर्ष काढला की चिठ्ठी आपल्यातली नाहीच. कुणीतरी बाहेरून टाकली असणार. बाहेरून म्हणजे कोण, असं मी विचारलं. तर एक जण म्हणाले, "हॉल दुसरेही वापरतात ना. झुम्बावाले वगैरे." झुम्बाला येणाऱ्या गोऱ्या बाया शुद्ध मराठीत चिठ्ठी लिहून जातात, हे सात शहाण्या पुरुषांना पटलं, पण आपल्या पोटच्या पोरींच्या वयाच्या मुलीवर असं काही गुदरू शकतं, हे पटेना.

गंमत अशी, की सगळ्यांनी अक्षर पाहिलं, कागद कुणीच पाहिला नाही. कडेने पिवळ्या लिंबांची नक्षी असलेला कागद होता तो. तसं पॅड मी एकाच घरात पाहिलं होतं, सिस्टरबाईंच्या फ्रिजच्या दारावर, सामानाची यादी लिहायला लटकवलेलं.

बुधवारी संध्याकाळी मी सिस्टरबाईंकडे गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पाहते तर किचनमध्ये सॅम्युअलभाऊ चहाला बसलेले, तोंड बरोबर फ्रिजकडे. पण फ्रिजच्या दारावर काही नव्हतं. जिथे पॅड असायचं तिथे एक चौकोन तेवढा बाकीच्या दारापेक्षा स्वच्छ दिसत होता. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी भाऊंना आणखी एक करंजी वाढली.

*

सिस्टरबाईंना कळलंय, हे स्नेहलला ठाऊक नव्हतं. आणि सिस्टरबाईंनी नऊ दिवस काही विचारलंही नाही. फक्त ताटात रोज एक उकडलेलं अंडं जास्तीचं यायला लागलं. स्नेहल मला नंतर म्हणाली, मला वाटायचं हे निरोपाचं जेवण चाललंय.

तिची स्थिती अशी होती. ज्या घरी ती एका आजींचं करायला जायची, तिथल्या एका नातेवाइकाने हे केलं होतं. पोलिसांत तिने सांगितलं. तिथे पुढे काय चाललंय तो किस्सा नाही, तो मी सांगणार नाही. जालन्याला आईला सांगायची सोय नव्हती. इथे तिचं म्हणावं असं जे काही होतं ते ही मंडळी आणि ती बॉक्सरूम, बस. आणि बॉक्सरूम कुणाच्या घरातली, तर दर महिन्याला पत्रकं वाटणाऱ्या बाईच्या.

दहाव्या दिवशी तिने बॅग भरली. आपण होऊन गेलेलं बरं, असं तिला वाटलं. जिना उतरताना खाली सिस्टरबाई विणत बसलेल्या.

"कुठे?"

"मैत्रिणीकडे."

"कुठली मैत्रीण?"

हिला नाव सुचेना. सिस्टरबाईंनी सुया बाजूला ठेवल्या. लिंबाचं पॅड आपल्या पर्समधून काढलं आणि टेबलावर ठेवलं. स्नेहल तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. सिस्टरबाई तिच्याशेजारी बसल्या, त्या अरुंद जिन्यावर दोघी कशा मावल्या कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, बॅग वर ठेव, पाणी तापलंय, आंघोळ करून घे.

*

तिकडे पाळकसाहेबांना झोप लागत नव्हती. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला, या रविवारी फक्त अपवादांवर बोलू. आणि योग असा की झुम्बाच्या बाईचा घोटा मुरगळला होता. क्लास रद्द. पाच वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे वेळच वेळ होता.

हॉल भरलेला. लॅपटॉपवर पाळकसाहेबांची मुलगी अ‍ॅबी, सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. स्नेहल मागच्या रांगेत, सिस्टरबाई तिच्याशेजारी विणत. मी दुसऱ्या बाजूला बसले.

चर्चा सुरू झाली. सॅम्युअलभाऊ म्हणाले, मूल निष्पाप असतं, बापाची शिक्षा त्याला का, जन्म देऊन दत्तक द्यावं, शेकडो लोक वाट पाहत असतात. एक बाई म्हणाल्या, नऊ महिने तो प्रसंग पोटात घेऊन फिरायचं कुणी, तुम्ही? दुसरे म्हणाले, देव वाइटातूनही चांगलं काढतो. त्यावर त्या बाई म्हणाल्या, काढतो ना, पण ते देवाने काढायचं, आपण तिच्या अंगावर लादायचं नाही. एक जण म्हणाले, हे पाप आहेच, पण क्षमा आहे. लगेच मागून कुणीतरी विचारलं, क्षमा कुणाला, तिला की त्या माणसाला? मला प्रत्येक जण बोलला की वाटायचं, याचं बरोबर आहे. सगळे सिस्टरबाईंकडे बघत होते, त्या टाके मोजत होत्या.

मग अ‍ॅबीने हात वर केला. तिचं मराठी तिचं आहे, मी जसंच्या तसं सांगते. "सगळे लोक बेबीबद्दल बोलतो, त्या मॅनबद्दल बोलतो. पण ती मुलगी क्वेश्चन विचारला होता ना? शी आस्क्ड, मी येऊ शकतो का. त्याचा आन्सर कुणी दिलाच नाही."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आता आपण स्लाइडकडे वळू. अ‍ॅबीने बटण दाबलं.

चौदावी स्लाइड आली. वर मोठ्या अक्षरात "अपवाद". खाली पांढरं. पाळकसाहेब म्हणाले, पुढे कर. पुढे काही नव्हतं. अ‍ॅबीला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून तिने शो बंद करून मूळ फाइल उघडली. तेव्हा त्या पांढऱ्या चौकोनात फिकट अक्षरं उमटली, भिंतीवर, हातभर मोठी: "क्लिक टू अ‍ॅड टेक्स्ट".

पाळकसाहेबांनी ते वाचलं. मग म्हणाले, "मी हे कधी लिहिलंच नाही. मला माहीत होतं, पाच वाजतात." आणि खाली बसले. त्यांचा मला त्या दिवशी जितका आदर वाटला तितका चार अभ्यासमालांत मिळून वाटला नव्हता.

पण उत्तर मिळालं नाहीच. सॅम्युअलभाऊंनी सुचवलं, एक उपसमिती नेमू या. सात जणांतून तीन निवडले. अहवाल ईस्टरनंतर द्यायचं ठरलं. स्नेहलची क्लिनिकची तारीख त्याच्या आधीची होती.

*

आता फॉर्मचा किस्सा.

स्नेहलने ठरवलं होतं, मूल ठेवायचं नाही. क्लिनिकची तारीख गुरुवारची. मी सिस्टरबाईंना म्हटलं, मी रजा घेते, गाडीने सोडते. त्या म्हणाल्या, सकाळी आम्ही बसने जाऊ, तू तुझी ड्यूटी कर, दुपारी न्यायला ये.

सकाळचं मला स्नेहलने सांगितलं. बसस्टॉपवर दोघी उभ्या. स्नेहलने विचारलं, सिस्टरबाई, तुम्हाला हे चालतंय का? त्या म्हणाल्या, "नाही. मला हे चूक वाटतं. उद्याही वाटेल. देवाला मी तसं सांगितलंय, तुलाही सांगते. पण तू एकटी जायची नाहीस. स्वेटरची बटणं लाव, बस येतेय." आणि मग सगळा रस्ता त्या तिचा हात धरून बसल्या. हातांना घाम आला होता, म्हणे, पण दोघींनीही सोडला नाही.

वेटिंगरूममध्ये सिस्टरबाईंनी सवयीने विणकाम बाहेर काढलं. अर्धं झालेलं टोपरं होतं ते, पाळकसाहेबांच्या पुतणीच्या बाळासाठी. त्यांनी ते पाहिलं, भोवती बसलेल्या मुलींकडे पाहिलं, आणि गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवून दिलं. स्नेहलला आत नेल्यावर अडीच तास त्या तिथे नुसत्या बसून होत्या, मोकळे हात मांडीवर ठेवून.

दोन वाजता मी पोचले. स्नेहल बाहेर आली, पांढरीफटक, पण स्वतःच्या पायांवर. काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म पुढे केला. घरी कोण नेणार त्याचं नाव, पत्ता, सही. मी रोज असले शेकडो फॉर्म बघते, म्हणून माझं लक्ष आपोआप तिकडे गेलं. पेशंटशी नातं, या प्रश्नाला दोनच चौकोन होते. एक फॅमिली, एक फ्रेंड.

सिस्टरबाईंनी चष्मा लावला. दोन्ही चौकोन पाहिले. मग पेन घेऊन त्या दोन्हींच्या खाली, वॉर्डातला चार्ट आखायच्या त्यांच्या सवयीने, अगदी सरळ रेघांचा तिसरा चौकोन काढला. त्याच्यापुढे लिहिलं, "चर्च", आणि आत बरोबरची खूण केली.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म फिरवून वाचला. ती गोड हसून म्हणाली, "ओह, हाउ लव्हली. म्हणजे तुमच्या चर्चने तुम्हाला पाठवलं का?"

"पाठवलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "ते स्वतः आलंय."

आणि स्नेहलची पिशवी उचलून त्यांनी मला विचारलं, गाडी कुठे लावलीस.